मुंगीची तबकडी

११ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

अक्षर ओळखलंस ना? मग पत्र लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. एकतीस वर्षांनी लिहितेय, निदान तेवढा मान ठेव.

फोनच करणार होते. खालचा शिंपी म्हणाला, "ताई, नंबर मिळवून देतो, दोन मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास, तर पुढचं सगळं माझ्या घशातच राहिलं असतं. पत्र बाजूला ठेवून दिलं तरी त्यातलं कुठे जात नाही. दोन दिवसांनी का होईना, माणूस डोकावतोच.

कामाचं लिहिते. टाकीवरचा व्हिडिओ तुझ्याकडे तपासायला पाठवलाय म्हणे. गिरणीमागची पाण्याची टाकी, तुला आठवत असेल, तीच. आता तिथे पंपघर झालंय आणि पंपघरावर पाणीखात्याने कॅमेरा बसवलाय. त्या कॅमेऱ्यात म्हणे सकाळी उजाडताना तीन चकचकीत तबकड्या आल्या. आकाशातून खाली येतात, मध्येच थांबतात, थरथरतात, आणि मग सुसाट निघून जातात. पंपवाल्याने ते आपल्या फोनवर घेतलं, पोरीला दाखवलं, पोरीने मैत्रिणींना, आणि आठवड्यात गाव काय नि परगाव काय, सगळ्यांना परग्रहावरचे पाहुणे दिसायला लागले. रोज टाकीखाली पन्नासेक माणसं मान वर करून उभी असतात. मानेच्या डॉक्टरची चंगळ आहे.

वर्तमानपत्रवाल्यांनी तो व्हिडिओ तुझ्याकडे पाठवला. रात्रभर गाडीत बसावं लागतं इतक्या लांब. आणि मी इथे, टाकीपासून दोन गल्ल्यांवर, चाळीस वर्षं भिंगाला डोळा लावून बसलेली बाई, माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. आता यात पोटात दुखण्यासारखं काही नाही, आपलं सांगितलं. तुझ्या नावापुढे पदव्या आहेत, तू टीव्हीवर येतेस. मी सातवीतून उठले आणि जे शिकले ते बाबांच्या फोटो स्टुडिओत त्यांच्या पाठीमागे उभं राहून, न विचारता शिकले. लोक पाटी वाचतात, हात कोण पाहतो.

तर मुद्दा. शिंप्याच्या फोनवर मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. तो बनवलेला आहे. कसा ते सांगत बसत नाही, तू हुशार आहेस, पण बनवलेला आहे हे नक्की. तू घाईने भलतंच बोलून बसशील आणि चारचौघांत तोंडघशी पडशील, म्हणून आधी कळवून ठेवते. मोठ्या बहिणीचं कामच ते.

तुझी
ताई

ता.क. टीव्हीवर तू तो करडा कोट घालतेस तो खांद्यात ढगळ आहे. शिंप्यालाही दाखवला. दोन बोटं आत घ्यायला हवा म्हणतो.


१९ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

उत्तर नाही. मी काही टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नाही, जिन्यात तो सहज भेटतो इतकंच.

सोबत कात्रण जोडलंय. परवा वार्ताहर आपणहून घरी आला. हा कालपरवा मिशी फुटलेला मुलगा नव्हे, चांगला पोट सुटलेला, वाकून बोलणारा गृहस्थ आहे. म्हणाला, "ताई, इतक्या जवळ इतका जुना डोळा असताना आम्ही बाहेर कशाला विचारत बसलो?" मी म्हटलं, "ते तुमचं तुम्हाला माहीत." चहा घेतला. मग मी सांगितलं, हा बनाव आहे. त्याने विचारलं, कुणी केला असेल? मी म्हटलं, कॅमेऱ्याची किल्ली कुणाकडे असते ते पाहा. त्याने तेच मथळ्यात घातलं. खाली माझा फोटो आहे. तो फोटो भयंकर आलाय, डोळ्यांखाली दोन पिशव्या लोंबतायत. मी रिटच केला असता तर दहा वर्षं कमी केली असती. हल्ली म्हणे यंत्र करतं ते काम. यंत्राला काय कळतंय, कुठली सुरकुती ठेवायची ते.

तू म्हणशील, हिने पुन्हा तेच केलं. अजिबात नाही. तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

तेव्हा मला नीट बघून बोलावं लागलं. गिरणीच्या धुराड्यावरची तुझी ती तबकडी घेऊन सगळं गाव नाचत होतं. काचेआड लावलेला फोटो बघायला स्टुडिओच्या दारात रांग लागत होती, बाबा प्रत्येकाला सांगत होते, "धाकटीने काढलाय." मग वर्तमानपत्राने तिघांना तपासायला बसवलं, आणि त्यांना निगेटिव्हवर सुरीने खरवडल्याची एक बारीक खूण दिसली. तबकडीच्या खालून धुराड्याच्या टोकापर्यंत. त्यांनी मला विचारलं, कारण त्या कामातलं गावात मलाच कळत होतं. मी म्हटलं, हो, ही सुरीचीच खूण आहे. इथे आधी एक रेघ असणार, ती कुणीतरी काढून टाकली. त्यांनी विचारलं, रेघ म्हणजे काठी? धुराड्याला काठी बांधून वर डब्याचं झाकण, असं? मी म्हटलं, असू शकतं.

असू शकतं, एवढंच म्हटलं होतं मी. बाकीचं त्यांनी जोडलं.

तू माझ्याकडे नुसतं पाहत राहिलीस. आणि चौथ्या दिवशी पेटी घेऊन गेलीस.

तुझी
ताई


२७ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

आज पंपवाला आला होता.

दुपारची डुलकी लागत होती. दार वाजलं. बाहेर पन्नाशीचा, वाळका, हातात टोपी घेतलेला माणूस. "तुम्हीच का त्या पेपरातल्या काकू?"

"आहे, का?"

"काही नाही. मला एवढंच विचारायचं होतं, मी तो कसा बनवला?"

मी पदर सारखा केला.

"नाही म्हणजे, मला शिकून घ्यायचंय," तो म्हणाला. "मला फोनवरून फोटो पाठवायचा तरी पोरगी लागते. ती म्हणते, बाबा, तुमचं बोट आहे की वरवंटा. आणि तुम्ही म्हणताय मी आकाशातून तीन तबकड्या उतरवल्या. एवढं येत असतं तर पाणीखात्यात राहिलो असतो का, काकू?"

आत बोलावलं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, जशी माणसं दवाखान्यात बसतात. खात्याने त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. बावीस वर्षांची नोकरी. शेजारी त्याला 'उपग्रह' म्हणून हाक मारायला लागलेत. हे सांगताना तो हसला, आणि मग हसू आवरायला त्याला वेळ लागला.

मी विचारलं, पंप गळतो का?

"गळतो की. चार महिने लिहून देतोय, दुरुस्त करा म्हणून. धार नाही, फवारा उडतो. पार वर भिंतीपर्यंत."

कॅमेऱ्यापर्यंत?

"रोज सकाळी शिडी लावून काच पुसतो मी. नाही पुसली तर काही दिसतच नाही." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाला, "का हो?"

मी म्हटलं, सहज. चहा गार होतोय, घे.

आता तू विचारशील, पाण्याचं मी त्याला का विचारलं. सहजच विचारलं. म्हाताऱ्या माणसाला काहीही विचारायची मुभा असते.

जाताना तो जिन्यात थांबला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही मला ओळखतही नव्हतात. म्हणून मला राग नाही आला, नवल वाटलं."

हे मी तुला का लिहितेय ते मला ठाऊक नाही. झोप गेली ती गेलीच.

तुझी
ताई


४ डिसेंबर

प्रिय मुंगे,

पाहिलं तुला. खाली शिंप्याच्या दुकानात टीव्ही आहे, म्हणजे जिथे आपला स्टुडिओ होता तिथेच, पडद्याची दांडी होती त्याच खिळ्यावर त्याने तो लावलाय. आम्ही सातजण होतो. मी म्हटलं, मला मेलीला काय करायचंय, मी बटणं लावत बसते. आणि एकही बटण लावलं नाही.

छान बोललीस. बोलायची तुला पहिल्यापासून हातोटी. "या व्हिडिओत परग्रहावरचं काही नाही," म्हणालीस, आणि दुकानातल्या माणसांचे चेहरे उतरले. मग म्हणालीस, "हे कॅमेऱ्याच्या काचेवरचे पाण्याचे थेंब आहेत. काचेवर थेंब असाच सरकतो, अडतो, थरथरतो, दुसऱ्या थेंबाला मिळाला की सुटतो. काच डोळ्याजवळ, आकाश दूर, म्हणून तो आकाशात वाटतो. उजाडताना त्यावर ऊन पडतं, म्हणून चमकतो. पण ज्याने हे दाखवलं त्याने काहीही बनवलेलं नाही. त्याला जे दिसलं तेच त्याने दाखवलं." शिंपी पटकन म्हणाला, "म्हणजे पंपवाला सुटला." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुईत दोरा ओवत होते. सुईला आधीच दोरा होता.

त्या निवेदिकेने विचारलं, तुम्ही या कामात कशा आलात? तू म्हणालीस, "मला एकदा लबाड ठरवलं गेलं होतं. तेव्हापासून चित्र बघायच्या आधी मी विचारते, माझ्याआधी याला कुणाकुणाचा हात लागला."

मी उठून वर आले.

खरं सांगू? मी वर येऊन तुझ्या बोलण्यातल्या चुका शोधत होते. एकही सापडेना, म्हणून आणखी चिडले. एकतीस वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत दोनशे प्रती काढत बसले होते तेव्हाही असंच व्हायचं. बाहेर तुझा आवाज, लोकांचा आवाज, बाबांचं हसणं. बाबा हसले की त्यांचा खोकला सुरू व्हायचा, आणि तो खोकला मी आतून मोजायचे. माझ्या नऊ वर्षांच्या कामात त्यांना इतका खोकला कधी आला नव्हता. तुझ्या हातात त्यांनी कॅमेरा दिला, तू चौदा वर्षांची होतीस. मला तो पुसायलासुद्धा मिळत नव्हता. मला काय मिळालं, तर तीन ताटल्या, लाल दिवा आणि कोपरापर्यंत औषधांचा वास. त्या वासापायी माझं एक स्थळ परत गेलं, तुला माहीत आहे. तू हसली होतीस त्या दिवशी. तू लहान होतीस, पण हसली होतीस.

कोट मात्र नवा होता. खांद्यात बरोबर बसला. माझं पत्र वाचलंस म्हणायचं.

तुझी
ताई


११ डिसेंबर

प्रिय मुंगे,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. मोजल्या.

'ताई, तुझी पत्रं मिळाली. खातं म्हणतंय, दोन जाणकारांची दोन मतं पडली, म्हणून पंपवाल्याची चौकशी थांबवता येत नाही. तू तुझं मत मागे घे. मी अठराला टाकी पाहायला येतेय, लॉजवर उतरेन. तुझ्याकडे एकच मागते, माझ्या फोटोची निगेटिव्ह. मागे मी मागितली तेव्हा तू जळाली असं लिहिलं होतंस; जळाली असेल तर तसं पुन्हा एकदा लिहून दे.'

घे, लिहून देते. निगेटिव्ह जळाली. तू गेल्यावर मी अंधारी खोली आवरली तेव्हा जुना कचरा मागच्या अंगणात पेटवला, त्यात


१२ डिसेंबर

कालचं पत्र अर्धं राहिलं आणि टाकलंही नाही. त्याच पाकिटात हेही घालते. दोन्ही वाच, म्हणजे माझी ख्याती कळेल.

'त्यात' या शब्दावर हात थांबला तो थांबलाच. वाटलं हात दुखतोय. जरा वेळाने पेन पुन्हा धरलं, पुन्हा तिथेच. अगं, एकतीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी किती झरझर लिहिलं होतं. तेव्हा तुला चिडवायला लिहिलं होतं, ते सोपं होतं. या वेळी तू मागितलंयस तेही कसं, तर अगदी शांतपणे, जसं दुकानदाराला पावती मागावी.

आज एवढंच. लॉजवर उतरणार म्हणतेस. वरची खोली रिकामी आहे. गाद्या ऊन दाखवून ठेवल्यात. पाहुण्यांसाठी म्हणून नाही, त्यांना ऊन दाखवायला झालंच होतं.

ताई


१८ डिसेंबर, दुपार

मुंगे,

हे पत्र शिंप्याच्या हाती लॉजवर पाठवतेय. त्याला सांगितलंय, हातातच द्यायचं, काउंटरवर ठेवायचं नाही.

सकाळी टाकीवर मी होते. तू पाहिलं नाहीस. डोक्यावरून शाल घेऊन मी मागे, भिंतीजवळ उभी होते. शंभरेक माणसं होती. तू शिडीवर चढलीस, पंपवाल्याने खालून शिडी धरली. माझ्या घरी चहा पिऊन गेलेला माणूस, पण तुझी शिडी काय हौसेने धरली होती त्याने. तू खिशातून रुमाल काढला, काच पुसलीस, खाली लोकांना फोनच्या पडद्यावर दाखवलंस: तबकड्या गेल्या. मग म्हणालीस, पंप सुरू करा. फवारा उडाला, आणि मिनिटभरात पडद्यावर पुन्हा तीन तबकड्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने तुझी सही घेतली. मी तिथे उभी राहून काय विचार करत होते, सांगू? की पंचावन्नच्या उंबरठ्यावर हिचे गुडघे अजून शिडी चढतात. आणि माझे नाहीत. एवढ्या मोठ्या दिवशी माझ्या मनात तेवढंच आलं.

म्हणून आता लिहून टाकते. उद्या पुन्हा हिंमत व्हायची नाही.

तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला असं तुला लिहिलं होतं. एकदाच पाहिला. पहिल्या क्षणी कळलं, थेंब आहेत. थेंबाची चाल मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार. पण थेंब हा शब्द माझ्या तोंडून निघता तर पुढचा प्रश्न आला असता, ताई, तुम्हाला इतक्या झटकन कसं कळलं. वार्ताहरही आपणहून आला नव्हता. मीच शिंप्याकडून निरोप धाडला होता. लोकांनी तुला विचारलं, मला नाही, तेवढ्या रागापोटी एका गरीब माणसाला मी लबाड ठरवलं. दुसऱ्यांदा.

आता पहिल्यांदाचं.

त्या दिवशी गिरणीचा रोल तू आणून दिलास. मॅनेजरला धुराड्याचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. मी रोल धुतला, दोरीवर वाळत घातला. तेवढ्यात बाबांनी हाक मारली, काहीतरी मागितलं, मी हात न पुसता तशीच वळले आणि दोरीखालून जाताना हाताचा थेंब त्या फिल्मवर उडाला. मला कळलंसुद्धा नाही. वाळल्यावर दिसला: आकाशात एक लंबगोल डाग, आणि त्याच्या खालून एक ओघळ पार धुराड्याच्या टोकापर्यंत. फोटोत तो पांढरा दिसणार. ओघळ धुराड्यावर वीज पडल्यासारखा वाटत होता, मॅनेजर ओरडला असता. म्हणून मी सुरी घेऊन ओघळ खरवडून काढला. सवयीने गं. डाग दिसला की माझा हात आपोआप सुरीकडे जायचा. वरचा गोल मोठा होता, खरवडला असता तर आकाशाला भोक पडलं असतं. म्हटलं, छापताना वरचा भाग कापून टाकू.

पण आधी एक पूर्ण प्रत काढून बघितली, आणि ती तू ओलीच उचललीस. "ताई, हे काय आहे?" म्हणालीस. मी सांगायला तोंड उघडलं होतं, मुंगे. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तू ऐकलं नाहीस, "बाबा, बाबा" करत खाली पळालीस. तू तरी कुठे म्हणाली होतीस की तबकडी पाहिली म्हणून. कधीच म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, फोटोत आलंय. ते खरं होतं. आलं होतं.

मी तेव्हाच खाली उतरून सांगायला हवं होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरलेही. तिथून बाबांचा चेहरा दिसला. आणि आठवलं, त्यांनी आयुष्यात माझं कौतुक म्हणून एकच वाक्य उच्चारलं होतं. कुणा गिऱ्हाइकाला सांगत होते: "थोरलीचे हात कोरडे. तिच्या फिल्मवर आजवर डाग नाही." मी पडद्यामागे होते. ते वाक्य मी कितीतरी वर्षं उशाखाली ठेवून झोपत होते. ते सोडवेना. मी तिसऱ्या पायरीवरून परत वर गेले.

पुढे रांगा लागल्या, बाबांचा खोकला सुरू झाला, आणि मी आत माझ्याच डागाच्या दोनशे प्रती काढत बसले. तेव्हा मला काय वाटत होतं ते सांगते, तुला हसू येईल. मला वाटत होतं, ही तबकडी माझी आहे. जग धाकटीभोवती नाचतंय ते माझ्या हातच्या पाण्यावर. तिने काय केलं, धुराड्याकडे तोंड करून बटण दाबलं. मग ते तिघे आले आणि सुरीच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, हे काय? एका दमात सांगता आलं असतं: माझी सुरी, माझा ओघळ, माझा थेंब. पण तसं सांगितलं की माझे हात ओले ठरत होते. आणि तसं न सांगितलं की तू खोटी ठरत होतीस. मी निवडलं. फार वेळही लागला नाही.

बाबांनी फोटो स्वतः काचेआडून काढला. तू गेल्यावर त्यांनी कॅमेरा परत कुणाच्या हातात दिला नाही, माझ्याही नाही. मला वाटलं होतं, देतील. हेही लिहिते, कारण आता काही मागे ठेवायचं नाही. दोन वर्षांनी गेले. शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "धाकटी असं करणार नाही गं." मी म्हटलं, औषध घ्या.

निगेटिव्ह जळालेली नाही. बिस्किटांच्या चपट्या डब्यात होती, टिपकागदात गुंडाळलेली. सोबत आहे. भिंगाखाली धर: गोलाची कड बघ, पाणी वाळताना कडेला साका बसतो, तसा आहे की नाही. आणि फिल्मच्या उजव्या कडेला अंगठ्याचा ठसा आहे. ओल्या अंगठ्याचा. तो तुझ्या बोटांशी जुळवायची गरज पडू नये म्हणून माझा अंगठा शाईत बुडवून या पत्राच्या मागे उमटवलाय. याला आधी कुणाचा हात लागला, असं तू विचारतेस ना. हा घे.

काल पाणीखात्यात जाऊन लेखी देऊन आले की माझं मत मागे घेते. कारकून म्हणाला, "चूक झाली असं लिहा, आजी." मी म्हटलं, "चूक नव्हती. माहीत असून बोलले असं लिही." तो म्हणाला, त्यासाठी फॉर्ममध्ये जागा नाही. मग समासात लिहिलं. पंपवाला सोमवारपासून कामावर जाईल. त्याच्या घरी जाऊन सांगितलं. त्याने मला बसा म्हटलं नाही, त्याच्या मुलीने खुर्ची दिली.

वार्ताहराला आज चार वाजता बोलावलंय. त्याला वाटतंय मी पुन्हा काहीतरी बनाव शोधून काढलाय, उड्या मारत येईल. तुझा जुना फोटो पुन्हा छापायचा, खाली सगळी हकीकत द्यायची, माझ्या नावानिशी, असं सांगणार आहे. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन. नाही आलीस तरी सांगेन.

फक्त एक अट घालणार आहे, आणि ती तू मोडायची नाहीस. फोटोखाली 'छायाचित्र: धाकटी बहीण' असं छापतील, ते छापू देत. पण त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, 'तबकडी: थोरली बहीण' असं आलं पाहिजे. एकतीस वर्षं वाट पाहिलीय मी त्याची.

ताई